उत्क्रांतीचा शोध नक्की कुणी लावला? वाचकांचे प्रश्न

उत्क्रांतीच्या सिद्धांताचा इतिहास हा माझा जिव्हाळ्याचा विषय, आणि त्यावर बरेच प्रश्न साठलेत. सारखे वाटले ते एकत्र केलेत, आणि काही उत्तरं लांबलीत कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

प्रश्न: उत्क्रांती डार्विनने शोधली असं शाळेत शिकलो. आता वाचतो की त्याच्या आजोबांनीच आधी लिहून ठेवलं होतं. मग डार्विनचं श्रेय काय?

आजोबांचं खरं आहे. इरॅस्मस डार्विन पेशाने डॉक्टर, आणि सगळे उष्ण रक्ताचे प्राणी एकाच मूळ तंतूपासून निघाले असावेत असं त्यांनी १७९४ मध्येच लिहिलं होतं. पॅरिसमध्ये लामार्कने १८०९ मध्ये, म्हणजे चार्ल्स डार्विन जन्मला त्याच वर्षी, यावर अख्खा ग्रंथ काढला. १८४४ मध्ये इंग्लंडात याच विषयावर एक निनावी पुस्तक आलं, ते धडाधड खपलं आणि शास्त्रज्ञांनी त्याच्या चिंध्या केल्या. लेखक रॉबर्ट चेंबर्स होता हे तो गेल्यानंतर, १८८४ मध्ये जाहीर झालं.

दगडमातीचा अभ्यास करणाऱ्यांचाही यात मोठा वाटा आहे. क्युव्हिएने १७९६ मध्ये मॅमथ आणि हत्ती यांच्या जबड्यांची तुलना करून दाखवलं की मॅमथ ही वेगळीच प्रजाती होती आणि ती आता उरलेली नाही, म्हणजे प्रजाती कायमच्या संपतात. तो स्वतः उत्क्रांतीचा कट्टर विरोधक, पण हे काम झालं नसतं तर पुढचं अडलं असतं. मग लायलने मांडलं की डोंगरदऱ्या घडवायला प्रलय लागत नाहीत, नद्या, गाळ, भूकंप हे रोजचंच काम प्रचंड काळ चालू राहिलं की पुरतं. त्याच्या पुस्तकाचा पहिला खंड डार्विनने १८३१ मध्ये बीगल जहाजावर सोबत नेला होता, आणि तो प्रचंड काळ डार्विनला हवाच होता.

डार्विनचं स्वतःचं काम म्हणजे "कसं" याचं उत्तर. एकाच आईबापाची पिल्लं एकसारखी नसतात, त्यातले काही फरक वारशाने जातात, आणि जन्मतात त्यातले बरेचसे वाढायच्या आत मरतात. कोण मरतं आणि कोण उरतं यात त्या फरकांचा थोडा जरी हात असेल तर पिढ्यानपिढ्या चेहरामोहरा बदलणारच, कुणी मुद्दाम बदलायची गरज नाही. ही नैसर्गिक निवड. आणि नुसती कल्पना मांडून तो थांबला नाही, कबुतरं पाळणाऱ्यांपासून बेटांवरच्या पक्ष्यांपर्यंत पुराव्यांचा ढीग रचला, जे आधी कुणीच इतकं केलं नव्हतं.

प्रश्न: वीस वर्षं डार्विन गप्प का बसला? आणि वॉलेसवर अन्याय झाला ना?

हा प्रश्न तिघांनी विचारलाय आणि तिघांच्याही लिहिण्यात राग आहे, तो मला समजतो.

डार्विनला माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध (तोंडं अन्नापेक्षा वेगाने वाढतात, म्हणून सगळे जगू शकत नाहीत) वाचताना नैसर्गिक निवड सुचली ती १८३८ मध्ये. १८४४ मध्ये त्याने मोठा निबंध लिहिला आणि मी मेलो तर हे छाप असं बायकोला पत्र लिहून ठेवलं. म्हणजे लिहिलेलं तयार होतं. भीती होतीच, चेंबर्सच्या पुस्तकाचं काय झालं ते त्याने बघितलं होतं. पण मला वाटतं भीतीपेक्षा मोठं कारण वेगळं आहे, त्याला जाणवलं की ज्याने एकाही प्राणीगटाचा बारीक अभ्यास केलेला नाही त्याने प्रजातींवर बोलू नये. म्हणून १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं तो बार्नेकल घेऊन बसला. जहाजाच्या तळाला आणि समुद्रातल्या खडकांना चिकटणारे ते कवचवाले जीव, ते मायक्रोस्कोपखाली एकेक करून कापायचे, बघायचे, लिहायचे. असं सांगतात की त्याच्या एका मुलाने शेजारच्या घरातल्या बाबांबद्दल विचारलं होतं, ते त्यांचे बार्नेकल कुठे करतात? पोराला वाटलं सगळेच बाप हे करत असणार. त्या आठ वर्षांनी त्याला एक गोष्ट पक्की शिकवली, एकाच प्रजातीतसुद्धा कुठलाच अवयव अगदी एकसारखा नसतो. त्याच्या सिद्धांताचा पायाच तो.

आल्फ्रेड वॉलेसची परिस्थिती अगदी उलटी. घरचा पैसा नाही, प्राणी-कीटकांचे नमुने गोळा करून विकायचे आणि त्यावर जगायचं. १८५२ मध्ये ॲमेझॉनहून परतताना जहाजाला आग लागली आणि जवळजवळ सगळा संग्रह गेला, तरी हा माणूस दोन वर्षांत मलय द्वीपसमूहात हजर. तिथे १८५८ मध्ये तापाने पडलेला असताना त्यालाही माल्थस आठवला आणि तेच उत्तर सुचलं, आणि त्याने ते लिहून नेमकं डार्विनलाच पाठवलं. जूनमध्ये पत्र पोचलं तेव्हा डार्विनच्या पायाखालची जमीन सरकली, त्यात घरी तान्हा मुलगा स्कार्लेट फीव्हरने आजारी, तो २८ जूनला गेला. लायल आणि हुकर या मित्रांनी मध्ये पडून १ जुलैला लंडनमधल्या लिनियन सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेत दोघांचं लिखाण एकत्र वाचायला लावलं. लेखक दोघंही हजर नव्हते, आणि वॉलेसला तर कुणी विचारलंसुद्धा नव्हतं, तो हजारो मैल लांब होता.

त्याला न विचारणं चुकीचंच होतं, हे मी सरळ म्हणेन. पण डार्विनने कल्पना चोरली असं म्हणू नका, १८४४ चा निबंध हुकरने आधीच वाचलेला होता. वॉलेसने स्वतः कधी तक्रार केली नाही, १८८९ मधल्या त्याच्या पुस्तकाचं नावच त्याने ‘डार्विनिझम’ ठेवलं. मला खुपतं ते हे की आपण मुलांना वॉलेसचं नावच सांगत नाही.

प्रश्न: लामार्क चुकला होता तर अजून का शिकवतात? (बारावीची विद्यार्थिनी)

जिराफाने मान ताणली, म्हणून पिल्लाची मान लांब झाली, एवढाच लामार्क आपल्या डोक्यात राहतो. पण प्रजाती बदलतात हे पद्धतशीर मांडायची हिंमत त्याने केली, तो म्हातारपणी आंधळा आणि गरीब होऊन मेला, १८२९ मध्ये. आणि मिळवलेले गुण पुढच्या पिढीत जातात हे डार्विनलाही काही प्रमाणात मान्य होतं! १८६८ मध्ये त्याने मांडलं की शरीराच्या प्रत्येक भागातून बारीक कण निघून प्रजननाच्या पेशींत जमा होतात. त्याचाच नातेवाईक गाल्टन याने, हे कण रक्तातून जातात का हे बघायला, एका सशाचं रक्त दुसऱ्यात भरून बघितलं, पिल्लांत काही फरक पडला नाही.

पुढे वाइझमान या जर्मन जीवशास्त्रज्ञाने उंदरांच्या शेपट्या पिढ्यामागून पिढ्या कापल्या, पाच पिढ्यांत ९०१ पिल्लं जन्मली आणि एकही बिनशेपटीचं निघालं नाही. खरं म्हणजे लामार्क इजेबद्दल नाही तर वापराबद्दल बोलत होता, त्यामुळे एकट्या या प्रयोगाने तो खोटा ठरत नाही. वाइझमानचा खरा मुद्दा हा की अंडं आणि शुक्राणू घडवणाऱ्या पेशींची रांग वेगळीच असते, शरीराने काय कमावलं ते त्यांना कळत नाही. एपिजेनेटिक्समुळे, म्हणजे जनुकं चालू-बंद करणाऱ्या डीएनएवरच्या रासायनिक खुणांच्या अभ्यासामुळे, लामार्क परत आला असं हल्ली लिहितात, ते मला पटत नाही. डीएनएवरच्या त्या खुणा अंडं किंवा शुक्राणू तयार होताना बहुतेक पुसल्या जातात.

प्रश्न: उत्क्रांती म्हणजे शेवटी बळी तो कान पिळी, बरोबर?

नाही. हा गैरसमज "सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट" या शब्दांमुळे पसरला, आणि ते शब्द डार्विनचे नाहीत, हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ मध्ये वापरले, डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या आपल्या मुख्य पुस्तकाच्या १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत उचलले. फिट म्हणजे बलवान नव्हे, त्या वेळच्या त्या जागेत जो बसतो तो.

गालापागोसमधलं डाफ्ने मेजर हे बेट घ्या. पीटर आणि रोझमेरी ग्रँट १९७३ पासून तिथे फिंच पक्षी पकडून प्रत्येकाची चोच मोजत होते. १९७७ मध्ये पाऊस नाही, मऊ बारीक बिया संपल्या, उरल्या सराट्याच्या जातीतल्या कडक काटेरी बिया, त्या फोडायला जाड चोच लागते. बहुतेक पक्षी मेले, जाड चोचीचे जास्त वाचले, आणि पुढच्या पिढीची चोच सरासरीत जाड निघाली, डोळ्याने कळणार नाही इतका फरक पण मोजपट्टीवर स्पष्ट. मग १९८३ ला धो धो पाऊस, बारीक बियांचा सुकाळ, आणि नंतर बारीक चोचीवाल्यांचं फावलं. यात बळी कोण सांगा?

प्रश्न: डार्विनने मेंडेल वाचला असता तर?

आधी अडचण काय होती ते सांगते. तेव्हा सगळ्यांना वाटायचं की आईबापाचे गुण दोन रंग कालवावेत तसे मिसळतात. फ्लीमिंग जेंकिन नावाच्या इंजिनियरने १८६७ मध्ये नेमकं बोट ठेवलं, असं असेल तर कुठलाही नवा चांगला गुण चार पिढ्यांत पातळ होऊन जाईल, निवड करणार कशाची? डार्विनकडे याला धड उत्तर नव्हतं.

उत्तर आधीच छापलेलं होतं. ब्रनोच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) मठात मेंडेल या साधूने वाटाण्यांवर प्रयोग करून १८६६ मध्ये पेपर काढला, त्यात गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळे गोल, पण दुसऱ्या पिढीत ५४७४ गोल दाणे आणि १८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळपास तीनास एक. गुण मिसळत नाहीत, दडतात आणि परत जसेच्या तसे वर येतात. मेंडेलने डार्विनचं पुस्तक जर्मनमध्ये वाचून खुणा केल्या होत्या, पण डार्विनने मेंडेल वाचल्याचा पुरावा नाही.

पण हे बघा, डार्विनने स्वतः स्नॅपड्रॅगनच्या झाडांचा संकर केला होता. दुसऱ्या पिढीत १२७ रोपं, त्यात ८८ नेहमीच्या फुलांची, ३७ वेगळ्या आकाराच्या फुलांची, २ अधलीमधली. आकडे त्याच्या हातात होते, छापलेसुद्धा, पण गुणोत्तर काढायचं त्याला सुचलं नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ त्या आकड्यांकडे बघत बसले होते. म्हणून मला वाटतं की नुसता पेपर वाचून काही झालं नसतं, त्या नजरेने बघायची सवय लागते.

आणि १९०० मध्ये मेंडेल पुन्हा सापडला तेव्हा झालं उलटंच! मेंडेलवाले म्हणायला लागले की बदल एकदम उडी मारून होतात, नैसर्गिक निवड किरकोळ. भांडण मिटायला वेळ गेला. १९१८ मध्ये फिशरने गणिताने दाखवलं की बरीच जनुकं थोडा थोडा परिणाम करत असतील तर मेंडेलच्या नियमांतूनच उंचीसारखे सलग फरक निघतात, मग हॉल्डेन, राइट, डोबझान्स्की, मायर यांनी १९३० ते ४० च्या दशकांत दोन्ही धागे विणले. आज आपण ज्याला उत्क्रांतीचा सिद्धांत म्हणतो तो बराचसा तिथला आहे. त्यातही पुढे भर पडली, १९६८ मध्ये किमुराने दाखवलं की रेणूंच्या पातळीवरचे बरेच बदल ना फायद्याचे ना तोट्याचे, नशिबाने टिकतात.

प्रश्न: माकडापासून माणूस झाला तर माकडं अजून कशी?

आजची माकडं आपले पूर्वज नाहीत, आपले चुलत भाऊ आहेत. तुमचे चुलत भाऊ असताना तुम्ही कसे, असं कुणी विचारत नाही.

प्रश्न: पण शेवटी ही थिअरीच ना, म्हणजे अंदाज?

बोलीभाषेत थिअरी म्हणजे अंदाज, विज्ञानात नाही. विज्ञानात तिने आधी सांगायचं आणि मग ते खरं ठरायचं. एकच उदाहरण देते. साधारण ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत माशांचे जीवाश्म सापडतात, ३६ कोटींच्या आसपास चार पायांचे प्राणी. मग मधलं काहीतरी मधल्या वयाच्या खडकात असायला हवं. नील शुबिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नकाशे काढून नेमक्या त्या वयाचे, नदीच्या गाळाचे खडक शोधले, ते निघाले कॅनडाच्या अगदी उत्तरेला, एल्समीअर बेटावर. काही वर्षं हात हलवत परत आले, आणि २००४ मध्ये कड्यातून एक चपटं डोकं बाहेर आलेलं दिसलं. टिक्टालिक, ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा. अंगावर खवले, कल्ले, पर, सगळं माशाचं, पण मान वळवता येईल अशी. आणि दगड कोरून पर मोकळा केला तर आत दंडाचं हाड, मग कोपर, मग मनगट.