मंगा (जपानी चित्रकथा) आणि त्याचा ॲनिमे (त्यावरून केलेलं ॲनिमेशन) शेजारी ठेवून पाहिला तर काही शिकता येतं का? सुरुवात कुठून करावी?

येतं. पण कुठला शॉट मूळ पॅनेलशी (पानावरच्या चौकटीशी) जुळला नि कुठला नाही, याच्या याद्या करत बसाल तर काही पदरात पडणार नाही. तो उद्योग फॅन मंडळी फुकटात करतातच.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘मंगा म्हणजे तयार स्टोरीबोर्डच असतो ना?’ या वाक्यावरून मी एकेकाळी नोकरी सोडायच्या बेतात होते, म्हणून उत्तर लांबणार आहे.

मी मुंबईत लहान मुलांच्या मालिकांचे स्टोरीबोर्ड, म्हणजे मालिका बनण्याआधी प्रत्येक शॉटचे कच्चे आराखडे, काढते. पहिल्या नोकरीत एका चित्रकथेवरून मालिका करायचं काम आलं. आमचे सर म्हणाले, पुस्तक स्कॅन कर, एकेक पॅनेल टाइमलाइनवर टाक, प्रत्येकाला तीन सेकंद दे, झाला ॲनिमॅटिक (स्टोरीबोर्डला वेळ लावून केलेली कच्ची फिल्म). केलं तसं. बघायला बसलो तर सगळं निर्जीव, आणि विनोद एकही लागेना. एका पॅनेलमध्ये पोराचा हात लाडवांच्या डब्यात आहे आणि कोपऱ्यात आजी उभी आहे. कागदावर वाचणाऱ्याची नजर फिरत फिरत आजीपाशी जाते आणि तो हसतो. पडद्यावर तीन सेकंदांत तिकडे कुणी बघतच नाही. मी तो प्रसंग घरी नव्याने काढला: आधी डबा, मग जमिनीवर टेकलेली काठी, मग पोराचा चेहरा, आजी सगळ्यात शेवटी. सरांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, “मूळ गोष्ट बदलायचा अधिकार तुला कुणी दिला? ब्रदरहूड बघ जरा. मुळाशी प्रामाणिक राहिले म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलं.”

बघितलं. नुसतं बघितलं नाही, हिरोमु अराकावांचा ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ मंगा मांडीवर ठेवून बघितलं. त्या मंगावर दोन मालिका निघाल्या: एक २००३ ची आणि दुसरी २००९ ची, तीच ब्रदरहूड. ब्रदरहूडचा पहिलाच भाग मंगात नाही! तो पाणी गोठवणारा अल्केमिस्ट (किमयागार) मालिकावाल्यांनी स्वतः रचलाय. पुढे यूसवेलच्या खाणीचं प्रकरण जवळजवळ गाळलंय, कारण २००३ ची मालिका लोकांनी आधीच पाहिली होती आणि सुरुवात पुन्हा सावकाश सांगण्यात अर्थ नव्हता. म्हणजे सरांच्या ‘प्रामाणिक’ मालिकेनेही जिथे गरज वाटली तिथे कात्री चालवलीच.

खरं शिकायचंय तर नीनाचा प्रसंग घ्या. (ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा, नंतर माझ्या नावाने ओरडू नका.) नीना ही अल्केमिस्ट टकरची लहान मुलगी; बापच तिला आणि अलेक्झांडर या कुत्र्याला जोडून एक प्राणी बनवतो. मंगात ती एकाच प्रकरणात येते आणि संपते. २००९ च्या मालिकेत तेच चौथ्या भागात उरकलंय. २००३ मध्ये मात्र एड आणि अल हे नायक भाऊ सरकारी अल्केमिस्टच्या परीक्षेच्या तयारीसाठी टकरच्या घरी राहतात, सहाव्या भागात नीना त्यांच्या अंगाखांद्यावर खेळते आणि सातव्यात घात होतो. का वाढवलं? मंगात थांबायचं किती हे वाचणारा ठरवतो. एड टकरला विचारतो, परवाना कधी मिळाला, बायको कधी गेली, आणि मग, नीना आणि अलेक्झांडर कुठे आहेत? त्या प्रश्नावर तुम्ही हवं तितका वेळ डोळे खिळवून बसू शकता, मागची पानं चाळून पुन्हा येऊ शकता. पडद्यावर ती मुभा नाही. वेळ दिग्दर्शकाने द्यायचा असतो, आणि २००३ च्या मालिकेचे दिग्दर्शक सेइजी मिझुशिमांनी तो घाताच्या आधीच देऊन ठेवला. माझ्या मते तिन्हींत २००३ चीच नीना सरस आहे. ब्रदरहूडवाल्यांना राग येईल, येऊ दे.

तेव्हा असं करा. एकच प्रसंग निवडा. मंगाचं पान डावीकडे, उजवीकडे ॲनिमेतला प्रत्येक कट काडीपेटीएवढा काढा, काड्यामाणसं चालतील. प्रत्येकाखाली सेकंद लिहा. मग फक्त तेच कट बघा जे पानावर नाहीत, आणि तीच पॅनेलं जी पडद्यावर आली नाहीत. शिकण्यासारखं सगळं तिथे आहे. पान उलटल्यावर जो धक्का बसतो त्याच्या जागी पडद्यावर काय ठेवलंय, हेही शोधा. कधी शांतता असते, कधी भलत्याच वस्तूचा क्लोजअप.

आणि कुणी ‘मूळ बदललं’ म्हणून अंगावर आलं तर दोन नावं सांगा. मियाझाकींनी ‘नौसिका’ मंगा १९८२ मध्ये सुरू केला, सिनेमा आला १९८४ मध्ये, मंगा संपला १९९४ मध्ये. मंगात असलेलं अख्खं डोरोक साम्राज्य सिनेमात नाही. कात्सुहिरो ओतोमोंनी ‘अकिरा’ १२४ मिनिटांत आणला तेव्हा दोन हजारांहून जास्त पानांचा तो मंगा पूर्णही झाला नव्हता, आणि मंगात जो अकिरा जिताजागता मुलगा आहे त्याचे सिनेमात नुसते बरण्यांत भरलेले अवशेष उरलेत. दोघंही स्वतःच लेखक, स्वतःच दिग्दर्शक. त्यांना अधिकार कुणी दिला होता, सर?

हां, ब्रदरहूडचा उत्तरार्ध जबरदस्त आहे हे मान्य करते. २००३ ची मालिका निघाली तेव्हा मंगा निम्म्यावरही नव्हता, त्यामुळे तिला पुढची गोष्ट स्वतः रचावी लागली, आणि तिचा शेवट सगळ्यांना पटत नाही. मलाही पूर्ण पटलेला नाही. शिवाय हे सगळं गोष्ट मांडण्याबद्दल आहे. चित्रकला यातून सुधारत नाही, त्याला कागद खराब करावेच लागतात. तुम्ही जपानी भाषेचंही विचारलंय: शोनेन (मुलांसाठीच्या) मंगात कांजी या जपानी चित्रलिपीतल्या अक्षरांच्या बाजूला उच्चार छापलेला असतो, त्यामुळे वाचायला सोपं जातं. बाकी पुण्यात जपानी शिकणारे ढिगाने आहेत, ते नीट सांगतील.

नीनाचं प्रकरण पाचवं, ते दुसऱ्या खंडात आहे. पहिला विकत घेऊन मला शिव्या देऊ नका.