ओमेगा सेंटॉरी बघायचाय? आधी चित्रा तारा शोध

पुण्याहून हा बंदिस्त तारकागुच्छ (ताऱ्यांचा गोल, दाट पुंजका) क्षितिजापासून जेमतेम २४ अंश वर येतो. शहरातल्या गच्चीवरून त्याचा नाद सोड. मेच्या मध्यावर, अमावास्येच्या आसपास, दक्षिणेला गावदिवे नसलेली जागा गाठ. रात्री साडेदहाच्या सुमारास चित्रा ऐन दक्षिणेला आली, की तिच्या सरळ खाली ३६ अंशांवर आधी बायनॉक्युलरनं धुकट ठिपका पक्का कर. आठ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीतून (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) शोधायला २५ मिमीचा आयपीस (डोळ्याकडचं भिंग) पुरतो. हवा स्थिर असेल तर १० मिमी लाव, तारे सुटे व्हायला लागतात. याच्यापुढे एम १३ हा शौरी तारकासमूहातला बंदिस्त गुच्छही फिका, माझ्या मते तरी! (बुटकं स्टूल ने, नाहीतर गुडघे बोलतील.) साडेचार अंश उत्तरेला सेंटॉरस ए दीर्घिका आहे. तिच्यातला धुळीचा काळा पट्टा थेट रोखून नव्हे, जरा बाजूला बघत टिपायचा.