राज्यघटना वाचायची तर हक्कांपासून सुरुवात नको

हक्कांची यादी बहुतेक राज्यघटनांत देखणीच असते. सोव्हिएत संघाच्या १९३६च्या घटनेतही भाषण आणि सभास्वातंत्र्य होतं. पुढच्याच वर्षी तिथे स्टालिनच्या दडपशाहीत काय घडलं ते वाचून बघा. म्हणून आधी सत्तेची कलमं वाचा. कायदा कोण करतं, राबवतं कोण, आणि सरकारच चुकलं तर अडवायचं कोणी? न्यायाधीश नेमतं कोण आणि त्यांना काढणं किती अवघड आहे, हे तर जरूर बघा. माझ्या मते निम्मी घटना तिथेच कळते.

मग प्रत्येक हक्कापुढे 'आणि नाही मिळाला तर?' असं विचारत चला. भारतीय घटनेत उत्तर कलम ३२मध्ये आहे: मूलभूत हक्क डावलला गेला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. भाषण, सभा अशी स्वातंत्र्यं देणारं कलम १९ वाचताना मात्र पहिल्या उपकलमावर थांबू नका, वाजवी निर्बंध त्यापुढे आहेत.

आणीबाणीच्या तरतुदी कंटाळवाण्या वाटतात, तरी वगळू नका. जर्मनीत १९१९च्या घटनेतल्या कलम ४८चा आधार घेऊन फेब्रुवारी १९३३मध्ये नागरिकांचे हक्क स्थगित झाले. भारतात १९७८च्या ४४व्या दुरुस्तीनंतर कलम २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि २१ (जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) यांची अंमलबजावणी आणीबाणीतही थांबवता येत नाही.