शॉर्टफॉर्म, अॅक्रोनिम, इनिशियल्स, निमॉनिक: सगळं एकच का?

तुम्ही विचारलंय, "हे चारही शेवटी शॉर्टफॉर्मच ना?" पहिले तीन, हो. निमॉनिकचं प्रकरण वेगळं आहे.

साधा संक्षेप म्हणजे डॉ., उदा., कि.मी. हे लिहिताना तोडलेले असतात, पण वाचताना आपण अख्खा शब्द म्हणतो. 'उदा.'ला कुणी नुसतं 'उदा' म्हणत नाही. अक्षरं सुटी सुटी वाचली की इनिशियल्स, उदा. डीएनए, एटीएम. तीच सलग शब्दासारखी वाचली की अॅक्रोनिम: नासा, युनेस्को. थोडक्यात, मोठ्याने वाचून बघा, लगेच कळतं. काही अॅक्रोनिम इतके रुळतात की मूळ शब्द कुणाच्या ध्यानातही राहत नाहीत. रडार आणि लेझरचा फुलफॉर्म किती जण सांगतील? (एसओएसला तर फुलफॉर्मच नाही. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं हा मोर्स या तारेच्या सांकेतिक लिपीतला नुसता संकटाचा इशारा, १९०६च्या बर्लिन परिषदेत ठरलेला. 'सेव्ह अवर सोल्स' हे मागाहून चिकटवलेलं.)

माणसांच्या नावात आणखी गंमत आहे. मराठीत आपण पहिलं अक्षर काना-मात्रेसकट उचलतो, म्हणून पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे झाले पु. ल. व्ही. शांताराम यांचा 'व्ही' मात्र वणकुद्रे या आडनावाचं इंग्रजी आद्याक्षर. आणि ग. दि. माडगूळकरांचे लोकांनी थेट 'गदिमा' केले, म्हणजे इनिशियल्सचा अॅक्रोनिम!

निमॉनिक कशाचं छोटं रूप असेलच असं नाही, ते असतं लक्षात ठेवण्यासाठी. शाळेतलं 'तानापिहिनिपाजा' तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतच्या सात रंगांचं. ते सलग वाचतो, म्हणून अॅक्रोनिमही आहे. पण माझ्या मते सगळ्यात अफलातून म्हणजे वृत्तांच्या गणांसाठीचं, म्हणजे कवितेतल्या लघु (ऱ्हस्व) आणि गुरू (दीर्घ) अक्षरांच्या तीन-तीनच्या गटांसाठीचं, 'यमाताराजभानसलगा'. यातली कुठलीही लागोपाठची तीन अक्षरं घ्या. 'यमाता' म्हणजे लघु-गुरू-गुरू, झाला य गण. एक घर पुढे सरका, 'मातारा', तिन्ही गुरू, म गण. असं सरकत 'सलगा'पर्यंत गेलात की आठही गण येतात, प्रत्येकाचं नाव पहिल्या अक्षरात आणि मांडणी त्याच तीन अक्षरांत. शेवटचे 'ल' आणि 'गा' म्हणजे अर्थातच लघु आणि गुरू.