थाई भाषेत मनःस्थिती आणि स्वभाव : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी काही काळापासून थाई भाषा शिकत आहे. व्यवहारातले संभाषण जमते, परंतु माणसाच्या मनःस्थितीविषयी किंवा स्वभावाविषयी बोलायची वेळ आली की अडखळायला होते. ‘राग’ आणि ‘तापट’ यांसाठी कोशात चार-पाच शब्द सापडतात. शिवाय ‘चै रॉन’ आणि ‘रॉन चै’ असे उलटसुलट शब्दही भेटतात. हे दोन्ही एकच का? असे शब्द नेमके शोधावेत कसे?

उत्तर : ते एक नव्हेत, आणि आपल्या अडचणीची किल्ली बरीचशी याच जोडीत आहे. ‘चै’ म्हणजे मन आणि ‘रॉन’ म्हणजे गरम. ‘चै रॉन’ हा माणूस उतावळा किंवा तापट असतो, म्हणजे तो त्याचा स्वभाव झाला. ‘रॉन चै’ झालेला माणूस मात्र आत्ता, कशाच्या तरी काळजीने, अस्वस्थ असतो, मग एरवी तो कितीही शांत असो. हीच रीत ‘दी’ म्हणजे चांगले या शब्दाची : ‘चै दी’ म्हणजे प्रेमळ, दयाळू, तर ‘दी चै’ म्हणजे आनंद झालेला. ‘नॉय’ म्हणजे थोडे. त्यावरून झालेला ‘चै नॉय’ हा हळवा, प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेणारा माणूस असतो, आणि ‘नॉय चै’ म्हणजे आपली उपेक्षा झाली असे वाटून एखाद्या प्रसंगी मन खट्टू होणे. म्हणून कोश उघडण्यापूर्वीच, आपल्याला कायमचा स्वभाव सांगायचा आहे की त्या वेळेपुरती अवस्था, हे ठरवून घ्यावे.

मात्र हा नियम मानू नये, कल मानावा. ‘सीआ’ म्हणजे बिघडणे किंवा गमावणे. त्यावरून झालेले ‘सीआ चै’ (वाईट वाटणे) आणि ‘चै सीआ’ (धीर खचणे) हे दोन्ही शब्द अवस्थेचेच आहेत. त्यामुळे एक शब्द ठाऊक असला म्हणून त्याची उलटापालट करून दुसरा स्वतःच घडवणे धोक्याचे आहे. तो कोशात असल्याची खात्री करूनच वापरावा.

कोशात शोधतानाही हा क्रम आडवा येतो. ‘चै’ने सुरू होणारे शब्द ‘चै’च्या नोंदीखाली एकत्र मिळतात, परंतु ‘दी चै’ शोधायला ‘दी’कडे जावे लागते. शिवाय ‘चै’ लिहिताना स्वरचिन्ह व्यंजनाच्या आधी येते, तरी कोशात तो व्यंजनाखालीच लावलेला असतो. आपली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि तरीही ‘दिवस’ हा शब्द आपण ‘द’खालीच शोधतो, त्यामुळे मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. आता थोडे थाई वाचता येत असेल, तर थायलंडच्या शाही विद्वत्संस्थेचा प्रमाण कोश पाहण्याची सवय लावावी. त्याच्या आवृत्तीवर 2554 असे वर्ष आहे. ते बौद्ध वर्ष असून त्यातून 543 वजा केले की इसवी सन 2011 मिळते.

स्वभाव सांगणारा दुसरा मोठा गट ‘खी’ने सुरू होतो. ‘खी लुम’ म्हणजे विसराळू, ‘खी आय’ लाजाळू, ‘खी क्लुआ’ भित्रा, ‘खी मोहो’ रागीट, ‘खी लेन’ खेळकर. मराठीत हे काम शब्दाच्या शेवटी लागणारे प्रत्यय करतात, थाईत ते आरंभीच होते. ‘खी’चा मूळ अर्थ विष्ठा असा आहे, तरी या शब्दांत तो कुणाच्या मनात येत नाही. बोलण्यात ते सर्रास चालतात. ‘खी लेन’मध्ये तर कौतुकच असते. औपचारिक लेखनात किंवा वडीलधाऱ्यांविषयी बोलताना मात्र ते जपून वापरावेत.

वाक्याची चौकटही शब्दाबरोबरच शिकावी. स्वभावासाठी ‘पेन खोन’ (‘अमुक प्रकारचा माणूस आहे’) असे म्हणून पुढे विशेषण येते : ‘खाव पेन खोन चै रॉन’. यातला ‘खोन’ गाळून नुसते ‘पेन चै रॉन’ म्हणणे अशुद्ध आहे. अवस्थेसाठी ‘रूसुक’ (वाटणे) चालते, किंवा ‘आरोम’ म्हणजे मनःस्थिती हा शब्द घेऊन ‘वन्नी आरोम माय दी’, आज मनःस्थिती ठीक नाही, असे म्हणता येते. वहीत सुटा शब्द न लिहिता असे आखूड वाक्य लिहिले, तर स्वभाव आणि अवस्था यांची गल्लत होत नाही.

रागाचे शब्द सर्वांत गुंतागुंतीचे आहेत. ‘क्रोत’ हा कुणावर तरी असलेला राग असतो आणि तो टिकूही शकतो. ‘मोहो’ हा भडका असतो. ‘ङुत्ङित्’ म्हणजे निव्वळ चिडचिड, तिला समोर कुणी असायलाच हवे असे नाही. (मराठीत एकही शब्द ‘ङ’ने सुरू होत नाही, त्यामुळे हा उच्चार मुद्दाम घोटावा लागतो.) ‘ङॉन’ म्हणजे रुसणे, तेही आपल्या माणसावर, समजूत काढली जाईल या अपेक्षेने, आणि ती मनधरणी करण्याला ‘ङॉ’ असा स्वतंत्र शब्द आहे. रुसव्याफुगव्यांची सवय असलेल्या मराठी माणसाला ही जोडी समजावून सांगावी लागत नाही.

प्रश्न : यांतले बरेच शब्द संस्कृत-पालीतून आलेले दिसतात. त्यांचा अर्थ मराठीवरून ताडला तर चालेल का?

उत्तर : ओळख पटवण्यासाठी चालेल, अर्थासाठी नाही. ‘क्रोत’ हा क्रोधच आहे आणि लिहिताना शेवटी ‘ध’ला जुळणारे अक्षर आजही लिहितात. परंतु ‘मोहो’ हा ‘मोह’ असूनही त्याचा थाई अर्थ संताप असा झाला आहे. ‘सोङ्सान’ म्हणजे ‘संसार’. शेवटी ‘र’ लिहून ‘न’ उच्चारतात आणि अर्थ होतो कीव येणे. ‘खी सोङ्सान’ माणूस कनवाळू असतो, संसारी नव्हे. सर्वांत सांभाळायचा शब्द म्हणजे ‘सन्दान’. मूळ शब्द ‘संतान’, थाई अर्थ अंगात मुरलेला स्वभाव, आणि बोलताना तो बहुधा तुच्छतेनेच उच्चारला जातो. एखाद्याच्या स्वभावाविषयी साधेपणाने विचारायचे असेल तर ‘निसै’ हा शब्द वापरावा : ‘निसै दी’ म्हणजे चांगल्या स्वभावाचा, आणि ‘सीआ निसै’ म्हणजे लाडावून बिघडलेला.