गव्हाशिवाय फ्रीझरचे डबे : पहिल्यांदा जाणार असशील तर

अगं, तुझ्या लेकाला गहू चालत नाही आणि तू बचत गटाच्या स्वयंपाकघरात फ्रीझरचे डबे भरायला जातेस, तर सकाळची पहिलीच पाळी माग. एकदा कणकेचा डबा उघडला की पीठ ओट्यावर, कालथ्यावर, सगळीकडे बसतं. लेकासाठी पोळपाट-लाटणं, तवा घरूनच ने.

आपण कोकणातले, तांदूळ-नाचणीवरच वाढलो, म्हणून निर्धास्त राहू नकोस. गहू भलतीकडेच लपतो. बोंबील ज्या रव्यात घोळवतात तो गव्हाचाच. तांदळाचं पीठ लाव. वड्यांच्या भाजणीत काही घरी गहू घालतात. आणि हिंग! डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. मला हे कळायला वर्ष लागलं, तोवर मी बिचाऱ्या डाळीलाच दोष देत होते.

तांदळाची पिठी गिरणीवरून आणू नकोस, गव्हाच्या मागोमाग दळली तर व्यर्थ. घरच्या मिक्सरवर दळ. विकतच्या पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' (ग्लूटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन) असेल तर आपल्याकडे त्यात ग्लूटेनची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅमची आहे.

डब्यात काय भरशील? भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, काळ्या वाटाण्याची उसळ. बटाटा नको, पिठूळ होतो. घावणं मात्र ताजीच घाल.