स्लीप लॅबमध्ये नवीन आहात? आधी इलेक्ट्रोड सांभाळा

रुग्णाची झोप रात्रभर नोंदवणारं मशीन क्वचितच बिघडतं. दगा देतात त्या वायरी आणि इलेक्ट्रोड. सकाळी पेस्ट वाळायच्या आत गोल्ड कप (त्वचेला पेस्टने चिकटवायचे, सोन्याचा मुलामा दिलेले इलेक्ट्रोड) कोमट पाण्यात भिजवा, मऊ टूथब्रशने घासा. ब्लीचमध्ये बुडवून ठेवू नका, मुलामा उडतो. मुलामा उडालेला कप सरळ टाकून द्या. सोन्याचे आणि चांदीचे कप एकाच रुग्णाला मिसळून लावले, की पडद्यावरची सिग्नलची रेघ हळूहळू वाहत राहते आणि दोष बिचाऱ्या ॲम्प्लिफायरला मिळतो.

इम्पीडन्स, म्हणजे त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत अडथळा, ५ किलोओहमच्या आत हवा. ५० हर्ट्झची (घरगुती विजेच्या गोंगाटाची) जाड रेघ एकाच चॅनेलवर दिसली तर तो कप पुन्हा लावा. सगळीकडे दिसली तर ग्राउंड आणि रेफरन्स (सगळ्या चॅनेलना सामाईक असलेले इलेक्ट्रोड) तपासा. नॉच फिल्टर (फक्त ५० हर्ट्झ गाळणारा) लावून झाकू नका, तो मूळ दोष लपवतो.

दिवे घालवण्यापूर्वी बायोकॅल (रुग्णाकडून ठरावीक हालचाली करवून सिग्नल तपासणं) कराच: डोळे मिटून ३० सेकंद, मान न हलवता डावी-उजवीकडे नजर, ५ वेळा पापण्या, दात आवळणे, पायाचे पंजे वर ओढणे, १० सेकंद श्वास रोखणे. श्वास रोखल्यावर थर्मिस्टर आणि कॅन्युला (नाकाशी श्वास टिपणारे दोन सेन्सर) दोन्हींच्या रेघा सपाट व्हायला हव्यात. नेझल कॅन्युला प्रत्येक रुग्णाला नवी. ऑक्सिमीटरचं ॲव्हरेजिंग (सरासरी काढण्याचा काळ) ३ सेकंदांपेक्षा जास्त नको, नाहीतर छोटे डिसॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची घट) गुळगुळीत होऊन हातचे जातात.

वाशी-ऐरोलीसारखी लॅब खाडीलगत असेल तर पावसाळ्यात कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. वायरी सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवा, आणि गुंडाळताना करकचून नको, सैल वेटोळं करा. वायर तुटते ती बहुधा कपाच्या मानेशीच.